टोमॅटोची लागण झाली, आता टोमॅटोला लागण झाली : उपटू की फवारू?

सीनाकाठचा | ३ मार्च, रात्री ९:४०

मंडळी, मोहोळ तालुक्यात आहे. एक एकर टोमॅटो, पाच बाय दीड फूट, रोपं साधारण ५,८००. मल्चिंगचं प्लास्टिक वरून चंदेरी, खाली ठिबक. लागण ९ फेब्रुवारीची, म्हणजे आज २२ दिवस झाले. काल फुटवे बघत फिरताना शेंडा गोळा झालेली झाडं दिसली म्हणून मोजत गेलो. ६४ भरली.

दुकानात फोटो दाखवला. दुकानदाराने फोटो अर्धा सेकंद बघितला आणि चार बाटल्या काढून ठेवल्या. २,८५० रुपये. त्यातली एक म्हणे 'व्हायरससाठी स्पेशल'. बाटल्या घरी आहेत, अजून फोडल्या नाहीत.

चुलतभाऊ म्हणतो उपटून टाक. आबा म्हणतात, "दोन रुपयाचं रोप उपटशील, पण मोकळ्या जागेला काय भाडं येणार हाय का? राहू दे, फवारा मार, फुटतंय." दोघंही माझ्यापेक्षा जास्त उन्हाळे बघितलेले. काय करू? उद्या सकाळी पंप खांद्यावर घ्यायचा की गोणी?

---

कडक_भाकरी | ३ मार्च, रात्री ९:५२

शीर्षकाला दहापैकी दहा. आपल्याकडं रोप लावलं तरी लागण, रोग आला तरी लागण. फरक फक्त बिलात कळतो.

---

चंद्रभागेतीरी | ३ मार्च, रात्री १०:१५

उपट. विचार करू नको. पंढरपूरला सहा वर्षं टोमॅटो करतोय. फुलात यायच्या आधी शेंडा गोळा झालेलं झाड मी कधी सुधारलेलं बघितलं नाही. हिरवं राहतं, खत खातं, पाणी पितं आणि शेजारच्या चार झाडांना रोग देतं.

पण उपटायची रीत असते. नुसतं ओढलंस तर पानामागची माशी उडून शेजारी बसते. सकाळी सात-साडेसातला जा, गारव्यात ती सुस्त असते. झाडावर वरून युरियाची रिकामी गोणी हळूच घाल, बुडातून काप, गोणीचं तोंड बांध. बांधावर फेकू नको, खड्ड्यात गाड. सगळ्यात मोठी चूक बांधावर फेकायचीच होते.

आणि एक सांग, ६४ झाडं कुठं आहेत? सगळीकडं विखुरलेली की एका बाजूला?

---

अडतीचा_नातू | ३ मार्च, रात्री १०:३१

मी नाही उपटत बुवा. गेल्या वर्षी माझ्या प्लॉटमध्ये शेकड्याने अशी झाडं होती, तरी सात तोडे निघाले. माल थोडा बारका, पण कॅरेट भरतंय की.

---

चंद्रभागेतीरी | ३ मार्च, रात्री १०:४४

@अडतीचा_नातू, तुमच्या झाडांवर कधी दिसलं? फळं लागल्यावर ना? मग बरोबर आहे. सेटिंग झाल्यावर रोग आला तर खालचे घोस निघून जातात, तेव्हा उपटणं तोट्याचं. याची झाडं २२ दिवसांची आहेत. पहिलीतल्या पोराला आलेला ताप आणि बारावी झालेल्याला आलेला ताप एक नसतो.

---

किडे_मोजणारा | ४ मार्च, सकाळी ६:२०

व्यवसायाने कीटकशास्त्र, सध्या सोलापुरात. थोडं लांब लिहितो, कारण धागा 'उपटू की फवारू' यावर गेलाय आणि त्याआधीचा प्रश्न राहिलाय : व्हायरस कुठला आणि आणणारा किडा कुठला? टोमॅटोवर आपल्या भागात तीन जोड्या फिरतात आणि तिघांचे उपाय वेगळे.

पहिली, पांढरी माशी आणि लीफ कर्ल. पानं वरच्या बाजूला वाटीसारखी वळतात, कडा पिवळ्या पडतात, पेरं आखूड होतात, शेंडा कोबीच्या गड्ड्यासारखा गच्च. माशी रोगट झाडाचा रस शोषते, विषाणू तिच्या अंगात भिनायला काही तास ते एखादा दिवस लागतो, पण भिनला की ती मरेपर्यंत वाटत फिरते.

दुसरी, फुलकिडे आणि टॉस्पो (भुईमुगाचा शेंडेमर करणारा तोच विषाणू). कोवळ्या पानांवर तांबूस-काळसर बारीक ठिपके, देठावर-खोडावर काळे चट्टे, शेंडा एका बाजूला मान टाकतो, फळावर गोल गोल कडी. इथली गंमत अशी की विषाणू फक्त पिल्लू उचलतं, तेही रोगट झाडावर वाढताना. मोठा झालेला निरोगी फुलकिडा नंतर कितीही रस प्याला तरी वाहक होत नाही. म्हणून ज्या तणावर पिल्लं वाढतात ते तण काढणं हाच अर्धा उपाय.

तिसरी, मावा आणि सीएमव्ही, म्हणजे काकडीचा मोझॅक. पानं बुटाच्या नाडीसारखी अरुंद होतात. मावा सोंड टोचून चव बघतो, तेवढ्यात, अक्षरशः मिनिटभरात, विषाणू उचलतो आणि पुढच्या झाडाला देतो. औषधाने मावा मरतो, पण मरायच्या आधी त्याचं काम झालेलं असतं. सीएमव्हीसाठी मावा मारत बसणं म्हणजे पोस्टमन पत्र टाकून गेल्यावर दाराला कुलूप लावणं.

आता महत्त्वाचं. माशी चावल्यापासून झाडावर लक्षण दिसायला दोन-तीन आठवडे जातात. २२ व्या दिवशी जे दिसतंय ते एक तर रोपवाटिकेतून आलंय किंवा लागणीच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे काल तू ६४ मोजलीस, पण आजची खरी संख्या तुला पंधरा दिवसांनी कळणार. घाबरवत नाही, पण उपटल्यावर पुन्हा दिसली म्हणून हाय खाऊ नकोस.

पानं उलटून बघ. फोटो पानाच्या मागचा टाक.

---

मालदांडी_३५ | ४ मार्च, सकाळी ७:०५

उपटायच्या आधी माझं गाढवपण ऐका.

तीन वर्षांपूर्वी अशीच पानं अरुंद, शेंडा पिळवटलेला. सगळे म्हणाले व्हायरस. मी दीड दिवसात दोन हजारांवर झाडं उपटली. आठ दिवसांनी लक्षात आलं की पंप तोच होता ज्याने घरच्यांनी उसात टू-फोर-डी मारलं होतं. टाकी एकदा खळबळून घेतली होती, बस्स. तणनाशकाचा तेवढा अंश टोमॅटोला पुरतो. शेजारच्या उसातनं वाऱ्याने आलं तरी तेच होतं, आणि आपल्या जिल्ह्यात ऊस नाही असा बांध दाखवा.

ओळख : तणनाशकाचं असेल तर एका ओळीत किंवा वाऱ्याच्या बाजूने सरसकट, एकाच दिवशी दिसतं. व्हायरस मधेच एक, चार सोडून एक, असा ठिपक्याठिपक्याने येतो. हलका फटका असेल तर नवीन शेंडा पुढं सुधारतो, व्हायरसचा सुधारत नाही. टोमॅटोला पंप वेगळाच ठेवायचा. आमच्याकडं आता त्याच्यावर लाल रंगाने 'ट' लिहिलंय.

---

कडक_भाकरी | ४ मार्च, सकाळी ७:३०

'ट' म्हणजे टोमॅटो की टू-फोर-डी?

---

मालदांडी_३५ | ४ मार्च, सकाळी ७:३४

...

आज बदलतो.

---

सीनाकाठचा | ४ मार्च, दुपारी १:१०

सगळ्यांचे आभार. सकाळी मुद्दाम कागद-पेन घेऊन गेलो.

पानं वाटीसारखी वर वळलेली, कडा पिवळट. ठिपके नाहीत, काळे चट्टे नाहीत, पानं अरुंद नाहीत. पंप आमचा टोमॅटो-मिरचीचाच. पान उलटलं तर पांढरे किडे, भाताच्या कणीपेक्षाही बारीक, हात लागला की भुर्रकन उडतात आणि परत तिथंच बसतात. त्यांच्यासोबत न हलणारे, चपटे, पिवळसर खवल्यासारखे ठिपके. ती पिल्लं ना?

आणि @चंद्रभागेतीरी, तुम्ही विचारलं म्हणून ओळीवार मोजलं. ६४ पैकी ४१ उत्तरेच्या सहा ओळींत. त्या बांधापलीकडं चुलत्यांचा जुना टोमॅटो उभा आहे. डिसेंबरात माल संपला, तार-काठी काढली, झाडं तशीच. मधे मधे शेळ्या सोडतात. त्या झाडांचा शेंडा न् शेंडा गोळा.

---

चंद्रभागेतीरी | ४ मार्च, दुपारी १:२२

सापडला की माशीचा वाडा! सहा वर्षांत माझ्याकडं प्रत्येक वेळी उत्तर बांधापलीकडंच निघालंय.

---

अडतीचा_नातू | ४ मार्च, दुपारी १:४०

बांधापलीकडं भावकी. म्हणजे आता व्हायरस सोपा, भावकी अवघड. कीटकनाशक मिळेल, भावकीनाशक अजून कुणी काढलं नाही.

---

रोपवाली_ताई | ४ मार्च, दुपारी ३:१५

कुणीतरी 'एक तर रोपवाटिकेतून' असं लिहिलंय, म्हणून बोलते. बारा वर्षं रोपवाटिका चालवते. आमच्यात सगळे धुतल्या तांदळाचे आहेत असं म्हणणार नाही. शेडनेटला शेडनेट म्हणून पैसे घेतात आणि त्याच्या भोकातनं माशीच काय, चिमणी जाईल. पांढरी माशी अडवायची तर ४० ते ५० मेशची (इंचाला तेवढी भोकं) कीडरोधक जाळी लागते, दाराला दुहेरी पडदा लागतो आणि ट्रे जमिनीवर नाही, स्टँडवर लागतात. रोपं घ्यायला याल तेव्हा गादी वाफ्याचं कौतुक नंतर करा, आधी दारात उभं राहून बघा : दार दोन आहेत का, आत माशी चिकटवणारी पिवळी कार्डं टांगलीत का आणि कार्डांवर काय चिकटलंय. कार्ड कोरं करकरीत असेल तर आजच लावलंय समजा.

आता शेतकरी दादांची बाजू. माझ्याकडनं २५ दिवसांचं, जाळीत वाढलेलं रोप नेतात. मग मजूर मिळाले नाहीत, बेड ओले होते, अमावास्या होती, म्हणून चार दिवस ट्रे घरामागं लिंबाखाली ठेवतात. बाजूला वांगं, भेंडी, घाणेरी, गाजर गवत. महिनाभर जपलेलं रोप चार दिवसांत माशीला जेवायला दिलं. नंतर फोन येतो, "ताई, तुमच्या रोपातच होता."

सीनाकाठचे दादा, तुम्ही ट्रे किती दिवस ठेवले होते?

---

सीनाकाठचा | ४ मार्च, दुपारी ३:४८

ताई, तीन दिवस. लिंब नव्हता. चिंच होती.

---

रोपवाली_ताई | ४ मार्च, दुपारी ३:५०

😐

---

मातीशी_नातं | ४ मार्च, संध्याकाळी ६:०२

चाललंय ते वाचतोय. सगळे 'मारा, उपटा, गाडा'. मूळ कारण कुणी बोलत नाही. रासायनिक खताने पान लुसलुशीत होतं, मग किडा येणारच. मी पाच वर्षं जीवामृत, दशपर्णी आणि निंबोळी अर्कावर आहे. माशी येते, जाते. घबराट नाही.

---

किडे_मोजणारा | ४ मार्च, संध्याकाळी ६:४०

@मातीशी_नातं, अर्धं सहमत. जास्त नत्र दिलं की रसशोषक किडी वाढतात, हे खरंच आहे. निंबोळी अर्कही उपयोगी : पाच किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजवायची, गाळून १०० लिटर पाणी करायचं, चमचाभर साबण. माशीचं अंडी घालणं आणि पिल्लांची वाढ दोन्ही मंदावतात. आमच्या ओळखीतले रसायनवाले शेतकरीही पहिला फवारा हाच घेतात.

पण 'माशी येते, जाते' हे व्हायरस नसलेल्या माशीबद्दल. नुकसान रस पिण्याने होत नाही, विषाणूने होतं. शंभर कोऱ्या माश्यांपेक्षा पाच भरलेल्या माश्या वाईट. आणि झाडात एकदा विषाणू शिरला की त्याला मारणारं औषध नाही. रासायनिक नाही, जैविक नाही, गोमूत्र नाही.

सीनाकाठच्या, त्या 'व्हायरससाठी स्पेशल' बाटलीवर बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते टंक बरं.

---

सीनाकाठचा | ४ मार्च, संध्याकाळी ७:१०

"अमिनो ॲसिड, समुद्री शेवाळ अर्क, सूक्ष्म अन्नद्रव्ये." रोगाचं नाव कुठंच नाही. किंमत ९५०.

---

कडक_भाकरी | ४ मार्च, संध्याकाळी ७:१३

९५० रुपयांत सोलापुरात चार माणसं पोटभर शेंगाचटणी-भाकरी खातील. आणि त्यात अमिनो ॲसिडही असतं.

---

बागायतदार_सांगोला | ४ मार्च, संध्याकाळी ७:५०

बाकी तीन बाटल्या कुठल्या? आमच्याकडं डाळिंबाला तेल्या आल्यापासून हाच प्रकार. रोग दिसला की दुकानदार कॉकटेल देतो. काहीतरी लागू पडेल, मग कशाने पडलं ते कुणाला कळणार.

---

सीनाकाठचा | ४ मार्च, रात्री ८:०५

एक इमिडाक्लोप्रिड, एक सायपरमेथ्रिन असलेलं मिश्रण, एक टॉनिक. तिन्ही एकत्र मारायला सांगितलंय, दर चार दिवसांनी.

---

किडे_मोजणारा | ४ मार्च, रात्री ८:३०

सायपरमेथ्रिनवालं परत कर. ते पायरेथ्रॉइड गटातलं, त्याने माशीचे शत्रू आधी मरतात, माशी उरते आणि दुप्पट जोमाने वाढते. कापसात हे सगळ्यांनी भोगलंय. इमिडाक्लोप्रिड वाईट नाही, पण रोपवाटिकेत बहुधा ते किंवा त्याच घरातलं थायामेथोक्झाम दिलेलंच असतं. परत परत तेच दिलं तर माशीला सवय होते.

लेबलवर 'टोमॅटो' आणि 'पांढरी माशी' ही दोन्ही नावं असतील तेच घे, मात्राही लेबलचीच. पिल्लं दिसतायत तर स्पायरोमेसिफेन, ते पिल्लांवर चालतं. उडणाऱ्या माशीचं शोषणच थांबवायचं तर सायंट्रानिलिप्रोल. एका वेळी एक, पुढच्या वेळी दुसऱ्या गटातलं. आणि नोझल पानाच्या खालून. आपल्याकडं पंपवाला चालत जातो आणि झाडाच्या डोक्यावर पाऊस पाडतो. खाली माशी कोरडी बसलेली असते.

पण हे सगळं मोजल्यावर. आधी दहा पिवळी कार्डं लाव, शेंड्यापेक्षा वीतभर उंच. झाड वाढेल तसं कार्ड वर सरकव. सहा कडेला, चार मधे, कारण माशी बांधावरून आत येते. दर आठवड्याला त्याच वारी मोजायचं. अख्खं कार्ड मोजत बसू नको, पेनाने दहा सेंटिमीटरचा चौकोन आख, त्यातले मोज. सोबत वेडंवाकडं चालत वीस झाडं, प्रत्येकाची तीन पानं : वरचं, मधलं, खालचं. हळूच उलटायचं. फुलकिडे बघायचे तर शेंडा पांढऱ्या कागदावर झटकायचा. आकडा वहीत. आकडा नसेल तर दर चार दिवसांचा फवारा हा कीडनियंत्रण नाही, नवस आहे.

---

बिडीगल्ली | ५ मार्च, दुपारी १२:२०

अवांतर : माझी आई सोलापुरात विड्या वळायची. तिच्या कुंडीतला टोमॅटो कायम चितकबरा. तंबाखूमुळं होतं असं कुणीतरी म्हणायचं. खरं की थाप?

---

किडे_मोजणारा | ५ मार्च, दुपारी १:००

कुंडी न बघता सांगता येणार नाही, पण शक्य आहे. टोबॅको मोझॅक नावाचा विषाणू किड्याने जात नाही, हाताने जातो. तंबाखूच्या वाळक्या पानात तो टिकून राहतो. म्हणून फुटवे काढणाऱ्याने तंबाखू मळलेल्या हाताने झाडाला हात लावू नये, साबणाने धुवावा. काही जण साय काढलेल्या दुधात हात बुडवून काम करतात. दुधातली प्रथिनं त्या विषाणूला अडवतात, हे तपासलेलं आहे.

---

अडतीचा_नातू | ५ मार्च, दुपारी १:०६

आमच्याकडच्या गड्याला तंबाखू सोड म्हटलं तर तो टोमॅटो सोडेल. आणि दुधाची वाटी दिली तर पिऊन टाकेल.

---

आप्पा_बार्शी | ५ मार्च, रात्री ९:००

पोरांनो, वय झालेल्या माणसाचं ऐका. नव्वदच्या दशकात आपल्या जिल्ह्यात सूर्यफूल नजर पोचेल तिथवर असायचं. दशक सरता सरता शेंडा करपायला लागला, फूल मान वाकडी करून सुकायला लागलं. आम्ही बुरशीनाशक मारत राहिलो. पुढं कळलं विषाणू होता, नेक्रोसिस म्हणतात. आणि तो कुठं होता? गाजर गवतात. गाजर गवतावर काही दिसत नाही, ते मजेत हिरवं. त्याच्या परागात विषाणू. फुलकिड्याच्या अंगाला पराग चिकटतो, तो सूर्यफुलावर जातो आणि पान कुरतडतो तिथनं विषाणू आत. आम्ही पीक बघत होतो, बांध कुणी बघत नव्हतं. सूर्यफूल गेलं ते काही एकट्या या रोगाने नाही, भाव आणि पाऊसही होते. पण आमच्या शिवारातनं गेलं ते गेलंच.

बांध स्वच्छ ठेव बाबा. गाजर गवत, ओसाडी, धोतरा, रानवांगी सगळं. पण फुलावर यायच्या आधी.

---

फलटणचा_पाहुणा | ५ मार्च, रात्री १०:१०

आप्पांशी सहमत. आमच्याकडं २०२० च्या उन्हाळ्यात, लॉकडाऊनमध्ये, फळं लाल-पिवळी-हिरवी व्हायची. लोकांनी नाव ठेवलं 'तिरंगा'. सातारा, नगर, पुणे सगळीकडं. कुणी बियाण्याला शिव्या दिल्या, कुणी खताला. नमुने बंगळूरच्या आयआयएचआर या फलोत्पादन संशोधन संस्थेला गेले, त्यात सीएमव्ही निघाला, सोबत इतर विषाणूही. एका झाडात दोन-तीन. तेव्हापासून मी लागणीच्या पंधरा दिवस आधी चारी बाजूंनी मक्याच्या तीन ओळी पेरतो. मावा आधी मक्यावर उतरतो, टोचतो, सोंड तिथंच पुसली जाते. आत येईपर्यंत बराचसा रिकामा झालेला असतो. चंदेरी मल्चिंगचंही तसंच, उजेड खालून आल्यावर त्याला उतरायचं कळत नाही. पण झाड वाढून प्लास्टिक झाकलं की ती जादू संपते.

---

सीनाकाठचा | ५ मार्च, रात्री १०:४०

मका पेरायचा राहिलाच माझा. आता उशीर?

---

फलटणचा_पाहुणा | ५ मार्च, रात्री १०:५२

या वेळेला उपयोग नाही. मका कमरेएवढा होईस्तोवर तुझे महत्त्वाचे दिवस निघून जातील. तात्पुरतं उत्तरेकडं जुन्या कीडजाळीचा आडोसा कर, पाच-सहा फूट. पुढच्या वेळी क्रॉप कव्हर. कलिंगडाला घालतात तेच पांढरं, पातळ कापड, १७ जीएसएमचं (चौरस मीटरला १७ ग्रॅम). लागणीपासून २०-२५ दिवस झाकायचं, फुलं यायला लागली की काढायचं. खर्च आहे, पण दोन-तीन फवारे वाचतात.

---

बागायतदार_सांगोला | ६ मार्च, सकाळी ९:३०

वाण कुठला लावलास? लीफ कर्लला सहनशील वाण आहेत की. आयआयएचआरचा अर्का रक्षक, अर्का अभेद. खासगी कंपन्यांचेही टीवाय जनुकवाले.

---

किडे_मोजणारा | ६ मार्च, सकाळी १०:१५

एक सावधगिरी. टीवाय जनुकं रानटी टोमॅटोतून आणलीत आणि ती लीफ कर्लपुरती. टॉस्पो किंवा सीएमव्हीला त्यांचा उपयोग नाही. पाकिटावर 'व्हायरस प्रतिकारक' एवढंच असेल तर विचारायचं : कुठला व्हायरस? सहनशील झाडातही विषाणू असतो, फक्त झाड निभावतं. पहिल्या महिन्यात माशीचा लोंढा आला तर तेही वाकतं.

---

सीनाकाठचा | ९ मार्च, दुपारी २:००

मंडळी, घोटाळा झाला.

६४ झाडं ५ तारखेलाच गोणीत घालून काढली, गाडली. आबा बांधावर उभे राहून बघत होते, एक शब्द बोलले नाहीत. त्याच दिवशी कार्डं लावली. मग चुलत्यांकडं गेलो. मी काही बोलायच्या आधी काकूच म्हणाल्या, "ते टमाटं मोडायचंच हाय, ट्रॅक्टर मिळंना." म्हटलं, भाडं मी देतो. एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

काल मी मोहोळला गेलेलो. मागं ट्रॅक्टरवाला आला आणि भर दुपारी रोटाव्हेटर फिरवून गेला. आज सकाळी उत्तरेच्या कार्डावर चौकोनात १३७. तीन दिवसांपूर्वी तिथंच १९ होते. कार्ड पिवळं दिसतच नाही.

---

किडे_मोजणारा | ९ मार्च, दुपारी २:२५

अरेरे. हे मी आधीच लिहायला हवं होतं, चूक माझी. जुना प्लॉट मोडायचा तर आधी त्याच्यावर फवारा, दोन दिवस थांबायचं, मग मोडायचा. नाहीतर घर पाडल्यावर माणसं शेजारी जातात, तशा सगळ्या माश्या जवळच्या हिरव्यावर.

आज संध्याकाळी उत्तरेच्या बारा-पंधरा ओळींवर फवारा घे, पानाखालून. आणि आजची तारीख लिहून ठेव. साधारण २३ मार्चपासून त्या ओळींत नवीन झाडं दिसतील. दिसली की त्याच दिवशी गोणी.

---

आप्पा_बार्शी | ९ मार्च, रात्री ८:४०

काकूंना मात्र काही बोलू नको.

---

अडतीचा_नातू | १० मार्च, सकाळी ११:००

अवांतर : २०२३ आठवतंय का? मे महिन्यात लोक टोमॅटो रस्त्यावर ओतत होते आणि जुलैत वीस किलोचं कॅरेट दोन हजारांच्या वर. ज्याने मे महिन्यात वैतागून प्लॉट मोडला त्याचं तोंड मी जुलैत बघितलंय. म्हणून माझा हात उपटायला धजत नाही, दुसरं काही नाही.

---

चंद्रभागेतीरी | १० मार्च, सकाळी ११:२०

हे मान्य. हे दुखणं व्हायरसचं नाही.

---

सीनाकाठचा | २९ मार्च, रात्री ९:१५

राहिलेला हिशोब देतो.

२१ पर्यंत चार-पाच झाडं निघत होती, वाटलं निभावलं. २४ तारखेला एका दिवसात ५८. दुसऱ्या दिवशी ४४. सगळी उत्तरेची. @किडे_मोजणारा, तुमचा अंदाज एका दिवसाने चुकला. मग उतरत गेलं. आजवर पहिल्या ६४ धरून २४३ काढली. फवारे एकूण चार : एक निंबोळी, एक स्पायरोमेसिफेन, दोन सायंट्रानिलिप्रोल, मधे अंतर ठेवून. 'स्पेशल' बाटली आणि सायपरमेथ्रिन परत केलं. दुकानदाराने तोंड वाकडं केलं, पण घेतलं.

उत्तरेचं कार्ड चौकोनात ११ वर आलंय. दक्षिणेला ३.

---

मातीशी_नातं | २९ मार्च, रात्री ९:४०

निंबोळी पहिली घेतलीस, आनंद झाला. बाकीचं वाचलं नाही असं समजतो.

---

रोपवाली_ताई | ३० मार्च, सकाळी ८:००

पुढच्या लागणीला ट्रे न्यायच्या दिवशी मजूर ठरलेत का ते आधी विचारीन, मग रोपं देईन.

---

सीनाकाठचा | १९ एप्रिल, रात्री ८:३०

काल पहिला तोडा. ६८ कॅरेट. माल एकसारखा. उत्तरेच्या सहा ओळींत मात्र जागोजागी दात पडल्यासारखं दिसतंय. एकूण ३११ झाडं गेली, ५,८०० मधली. उन्हाने फुलं गळतायत, पुढचे घोस हलके निघतील असं वाटतंय. भाव सांगत नाही, नजर लागते.

कार्डांचं काम आता माझ्याकडं नाही. आबा चष्मा लावून दर सोमवारी चौकोनातले मोजतात आणि दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशोबाखाली आकडा लिहितात. काल मी म्हटलं, आता राहू द्या, फळं लागली, काही होत नाही. तर म्हणाले, "चुलत्याचं वांगं लावायचं चाललंय उत्तरंला. तुला ठावं हाय का?"

---

चंद्रभागेतीरी | १९ एप्रिल, रात्री ८:४१

वांगं?? आबांना फोन दे.